लेप वाळेपर्यंत

“यात मध आहे,” सासूबाई म्हणाल्या. वाटी त्यांनी नाकापासून हातभर लांब धरली होती.

“थोडाच आहे, आई,” स्मितल, माझी धाकटी जाऊ, म्हणाली. “आणि खायचा नाहीये. लावायचाय.”

“मगदुमांच्या घरात मधाचा थेंब आजवर उंबऱ्याच्या आत आलेला नाही. तो आता माझ्या तोंडावर बसून यायचा का?”

आम्ही जैन. मध आमच्यात वर्ज्य, हे स्मितललाही माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण तिच्या हातात पेपरच्या महिला पुरवणीचं कात्रण होतं आणि कात्रणात मध होता. छापील अक्षरापुढे स्मितलचं काही चालत नसे.

“साय घालू या,” मी म्हटलं. “सायीनंही कातडी मऊच होते.”

“घाला. तुपासाठी साठवलेल्यातली घेऊ नका म्हणजे झालं.”

स्मितल मधाची वाटी पदराखाली झाकून शेजारच्या कुलकर्ण्यांकडे देऊन आली.

ही बावीस वर्षांपूर्वीची, जयसिंगपूरची गोष्ट. जानेवारीतला शनिवार होता, दुपारचे दोन वाजले होते, आणि आम्ही दोघी सुना सासूबाईंना घरच्या घरी स्पा द्यायला निघालो होतो. साडेतीनला कुरुंदवाडचे चौगुले आमच्या नणंदेला, पद्मजाला, पाहायला येणार होते. ते येऊन, पाहून, खाऊन परत जाईपर्यंत सासूबाईंच्या तोंडून एकही शब्द बाहेर पडू नये, एवढाच त्या स्पाचा हेतू. पाहुणे येणार हे त्यांना अर्थातच सांगितलेलं नव्हतं. आधी त्यांना बाहुबलीला दर्शनाला धाडायचा बेत होता. त्यांनी विचारलं, “देव कुठं पळून चाललाय का?” आणि तो बेत तिथंच संपला.

मी तेव्हा सूतगिरणीच्या भांडारात कामाला होते. कोणती वस्तू कधी आली, कुठं गेली आणि कशानं मोडली, हे टिपून ठेवण्याचं काम. ती सवय काही मी सुटीच्या भोंग्यानंतर गेटवर ठेवून येत नसे. पद्मजाची आधीची तीन स्थळं कशानं मोडली, हे मला तारीखवार सांगता येत होतं.

पहिलं स्थळ इचलकरंजीचं. मुलाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मुलाचे वडील देत होते. सासूबाई अर्धा तास ऐकत बसल्या आणि मग वडिलांना म्हणाल्या, “याला बोलता येतं ना? की तेही तुम्हीच करता?”

दुसरा मुलगा निपाणीचा. तोंडात गुटख्याचा तोबरा होता, म्हणून हसायचं टाळत होता. त्याला सासूबाई म्हणाल्या, “जरा हसून दाखवा. मुलगी तुम्ही बघितलीत, दात आम्ही बघतो.”

तिसऱ्या मुलाची आई म्हणाली, “आम्ही सुनेला अगदी मुलीसारखं वागवतो.” सासूबाईंनी विचारलं, मुलगी कुठं असते तुमची? बाई चाचरल्या. म्हणाल्या, ती सध्या आमच्याशी बोलत नाही. त्यावर सासूबाई म्हणाल्या, “मग सुनेचंही तसंच होईल म्हणा.”

त्यानंतर मध्यस्थानं आम्हाला स्पष्ट सांगितलं, की मगदुमांच्या म्हातारीचं नाव काढलं की लोक चहा न पिता उठतात. पद्मजा सत्तावीसची झाली होती. शाळेत चित्रकला शिकवायची, दिसायला छान, स्वभावानं गोड. चौगुल्यांचं स्थळ त्यानं कसंबसं जुळवून आणलं होतं आणि बजावलं होतं, हे शेवटचं.

माझ्या तिन्ही नोंदींमध्ये एक गोष्ट समान होती, आणि ती फक्त माझ्याच लक्षात आली याचा मला अभिमान होता. सासूबाई चहा नेहमी बशीत ओतून पीत. कपाला त्यांनी कधी ओठ लावला नाही. आणि तिन्ही वेळा पद्मजानं सगळ्यांना कपबशी दिली होती, आईला मात्र नुसता कप. पोरगी पाहुण्यांसमोर गोंधळते, बशी विसरते, म्हातारी बिथरते आणि राग पाहुण्यांवर काढते, असा माझा निष्कर्ष होता. दिवाळीत मी पद्मजाला एकदा म्हटलंही, “आईंची बशी विसरत जाऊ नकोस गं.” ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “बरं, वहिनी.”

आणखी एक नोंद त्या सकाळची. पाहायच्या कार्यक्रमाच्या साडीला आधी तिन्ही वेळा इस्त्री मी केली होती. या वेळी ती पद्मजानं स्वतः केली, आणि दोनदा केली.

सासूबाईंच्या खोलीत आम्ही पितळी घंगाळात गरम पाणी ओतलं आणि मीठ टाकलं.

“मीठ किती?”

“मूठभर, आई.”

“आमटी असती तर टाकून द्यावी लागली असती,” त्या म्हणाल्या आणि पाय आत सोडले. मग डोळे मिटले. “बरं आहे.”

स्मितलनं बासरीची सीडी लावली. सासूबाईंनी एक डोळा उघडला.

“कोण रडतंय?”

“बासरी आहे, आई. मन शांत होतं.”

“माझं होतंच शांत. आता काळजी लागली. बंद कर.”

मग डोक्याला तेल. मी मागे उभी राहून चोळू लागले.

“जोर लाव. रजिस्टर पुसतेस का? हं. आता कानामागं. खाली. तिथं नाही, त्याच्या शेजारी. मानेचा मणका सोडलास.”

त्या दुपारी त्यांनी ज्या ज्या जागा सांगितल्या, त्यांवरून मला कळलं की माणसाच्या अंगाला एवढ्या जागा असतात. माझे खांदे भरून आले. स्मितल वाफेचं पातेलं आणताना स्वतःच घामानं निथळत होती. सासूबाई टॉवेलखालून विचारत होत्या, “यानंतर काय आहे?” जेवणाच्या पंगतीत बसल्यासारखं.

“पाय, आई.”

“आण.”

पाय मी मांडीवर घेतले. या पायांना मी लग्न झाल्यापासून सणावाराला हात लावत आले होते, पण ते कधी धरून पाहिले नव्हते. टाचांना सुरी बसेल एवढ्या भेगा होत्या. मी अंगठ्यानं तेल भरत राहिले.

“काय बघतेस?”

“भेगा.”

“त्या तू यायच्या आधीच्या आहेत. तुझ्या नोंदीत धरू नकोस.”

मी चपापले. माझ्या नोंदींबद्दल मी घरात कुणाशी बोलले नव्हते.

तीन वाजता लेप कालवून तयार झाला. जास्तीचा कोरडा पडू नये म्हणून स्मितलनं तो एका बशीत काढून वर ओला फडका टाकला. मग कात्रण डोळ्यांसमोर धरून तिनं ती ओळ वाचली, जिच्यासाठी मी हा सगळा घाट घातला होता.

“लेप वाळेपर्यंत बोलू नये, हसू नये, चेहऱ्याची हालचाल करू नये. अन्यथा सुरकुत्या पडतात.”

“आणि ज्या आधीच पडल्यात त्या?”

“नव्या पडतात, आई.”

“किती वेळ गप्प बसायचं?”

कात्रणात वीस मिनिटं लिहिलेली होती. स्मितलला मी पढवून ठेवलं होतं, पण छापलेलं सोडून दुसरं बोलायची वेळ आली आणि तिची जीभ टाळूला चिकटली.

“दीड तास,” मी म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “दीड तास?”

“तरुण कातडीला वीस मिनिटं. साठीनंतर दीड तास लागतो.”

त्या बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं. लावा.”

इतक्या सहज त्या कशालाच बरं म्हणत नसत. ही नोंद मात्र माझ्याकडून राहिली.

आम्ही लेप थापला. स्मितल एक हात देत होती, मी वर दुसरा, ओठांच्या कडांना तिसरा. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या. माझी पाच वर्षांची मुलगी श्रुतिका हिला पलंगाच्या पायथ्याशी बसवलं आणि कानात सांगितलं, “आजी बोलली तर येऊन सांगायचं.”

साडेतीनला चौगुले आले. मुलगा भरतेश, त्याची आई कुसुमबाई आणि त्याचे धनपालमामा. धाकटे दीर बाहेरगावी होते, त्यामुळे बाहेरच्या खोलीत पाहुण्यांशी बोलायला एकटे आमचे हे.

“आईला जरा बरं नाही,” ह्यांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. “पडून आहे.”

धनपालमामांनी सोफ्यावर पहिल्यांदाच पाठ टेकली. “असू दे, असू दे. उठवू नका,” ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “झोप झालीच पाहिजे या वयात.”

भरतेश समोरच्या टीपॉयवरचा पेपर घेऊन वाचत होता. पेपर कालचा होता आणि त्यानं पान उलटलं नव्हतं. मला तो तेवढ्यावर बरा वाटला. घाबरलेला माणूस निदान प्रामाणिक असतो.

मी आत पोह्यांच्या ताटल्या भरत होते तेवढ्यात श्रुतिका आली. तिचे गाल हलत होते.

“आई, आजी बोलली नाही.”

“शहाणी माझी. तोंडात काय आहे?”

“काकडी. आजीच्या डोळ्यावरची.”

“अगं, ती का घेतलीस?”

“आजी उठली ना. मग पडली असती.”

मी पळाले. पण सासूबाई बाहेरच्या खोलीच्या दारात पोचलेल्या होत्या. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पाय तेलानं चकचकीत, आणि तोंड नुकतीच पांढरी माती दिलेल्या भिंतीसारखं. मागून स्मितल हातवारे करत होती, की मी अडवलं, ऐकलं नाही. सासूबाई सावकाश चालत आपल्या खुर्चीपर्यंत गेल्या आणि बसल्या. ती खुर्ची स्वयंपाकघराच्या दारासमोर होती.

धनपालमामांची पाठ सोफ्यापासून सुटली. आमच्या ह्यांनी छताकडे पाहिलं. मी म्हणाले, “आईंच्या कातडीला जरा… डॉक्टरांनी लेप सांगितलाय. बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. अजिबात.”

“मुलतानी माती ना?” कुसुमबाई पुढे सरकल्या.

सासूबाईंनी मान हलवली, हो.

“गुलाबपाण्यात?”

मान हलली, नाही.

“मग दुधात. सायीत?”

हो.

“मी पण लावते अधूनमधून. पण अशी जाड बसत नाही हो. कुणी लावून दिली?”

सासूबाईंनी बोट माझ्याकडे केलं. ते कौतुक होतं की तक्रार, हे त्या चेहऱ्यावरून समजायला मार्ग नव्हता.

भरतेश नमस्काराला उठला. वाकला, पायाला हात लावला, आणि त्याची बोटं तेलावरून सरकली. त्यानं फरशीवरचे तेलाचे ठसे पाहिले. मग न बोलता टीपॉयवरचा पेपर उलगडला आणि सासूबाईंच्या पायांखाली पसरला. “उठताना घसराल,” तो म्हणाला. धनपालमामांनी काही सुचवायच्या आत त्याचं करून झालं होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. पद्मजा ट्रे भरत होती. चांगल्या कपांच्या चारच बशा धड उरल्या होत्या. तीन पाहुणे आणि आमचे हे, एवढा हिशेब मी बसवला होता. आता पाचवा कप आला.

“आईंचा नुसताच कप ने,” मी कुजबुजले. “त्यांना आता बोलता येत नाहीये, बशी नसली तरी काय करणार आहेत? लवकर चल. लेप वाळत आला की संपलं सगळं.”

“नको, वहिनी. बशी पाहिजे.”

“पद्मजा, वेळ नाहीये.”

“बशी पाहिजे,” ती म्हणाली. तिनं इकडेतिकडे पाहिलं, फडक्याखालची लेपाची बशी उचलली, माती बोटानं निपटून काढली आणि बशी नळाखाली धरली. एकदा धुतली. वास घेतला, पुन्हा धुतली. पुसायला काही हाताशी सापडेना, तेव्हा दोनदा इस्त्री केलेल्या पदरानं पुसली. तोवर पाचही कपांवर साय धरली होती. मी दारात उभी राहून मनात मिनिटं मोजत होते आणि म्हणत होते, ही पोरगी वेडी आहे, हिला बशीचं मीच डोक्यात भरवलं.

ती बाहेर गेली. तीन पाहुण्यांना दिलं, भावाला दिलं, आणि शेवटी आईसमोर कपबशी ठेवली.

सासूबाईंनी बशीकडे पाहिलं. मग वर लेकीकडे. मग चहा बशीत ओतला आणि ताठ ओठांनी, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा भुरका मारला. ओठाच्या कोपऱ्याशी एक बारीक तडा गेला. मातीचा एक कपचा बशीत पडला. त्यांनी तो बोटानं काढून कडेला ठेवला.

“आम्ही साधी माणसं आहोत,” कुसुमबाई म्हणाल्या. “आमच्यात सुनेला अगदी मुलीसारखं वागवतात.”

आमच्या ह्यांनी डोळे मिटून घेतले. हेच वाक्य होतं. तिसरं स्थळ याच वाक्यावर गेलं होतं. सासूबाईंचा जबडा हलला, हनुवटीवर उभी भेग पडली, तोंड उघडलं. माझ्या हातातला पोह्यांचा डाव तसाच राहिला.

त्यांनी उरलेला चहा प्यायला.

“आईंना काही विचारायचं असेल तर,” धनपालमामा धीर करून म्हणाले, “म्हणजे आता नाही. बरं वाटल्यावर. पत्रानं कळवलं तरी चालेल.”

सासूबाईंनी हात वर केला आणि पद्मजाकडे दाखवला. तिला विचारा.

“तुला काही विचारायचंय का, बाळ?” कुसुमबाईंनी विचारलं.

“नाही,” पद्मजा म्हणाली. “आई काही विचारत नाही म्हणजे मलाही काही विचारायचं नाही.”

भरतेश हसला. मग त्याला वाटलं असावं की हसायला नको होतं, म्हणून त्यानं रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

चौगुल्यांनी होकार चपला घालता घालताच दिला. धनपालमामा ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, “काय काय ऐकलं होतं हो आम्ही तुमच्या मातोश्रींबद्दल. लोक काहीही उठवतात. किती शांत बाई.”

सगळे पांगल्यावर मी कोमट पाणी आणि फडकं घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या पलंगावर बसल्या होत्या. मी कपाळापासून पुसायला सुरुवात केली. तोंड मोकळं झालं तेव्हा पहिलं वाक्य आलं.

“दीड तास झाला का?”

“पंचावन्न मिनिटं झाली, आई.”

“मग पस्तीस मिनिटांच्या सुरकुत्या तुझ्या नावावर.”

मी फडकं पिळलं. “पाहुणे येणार हे तुम्हाला माहीत होतं.”

“बुधवारपासून. पद्मी सांगितल्याशिवाय राहील का?”

“मग बोलला नाहीत कशा? त्या बाई मुलीसारखं म्हणाल्या, तेव्हा तर…”

“बोलणार होते. जिभेवर आलं होतं.” त्यांनी गाल माझ्याकडे वळवला. “पण बशी आली होती ना.”

माझा हात थांबला. तीन नोंदी माझ्या डोळ्यांसमोरून उलट्या क्रमानं गेल्या. निपाणी, इचलकरंजी, तो नुसता कप.

“ती विसरत नव्हती,” मी म्हणाले.

“माझी मुलगी आहे. ती काही विसरत नाही.”

“तिला पसंत नव्हते, तर तिनं सांगायचं होतं ना, नाही म्हणून.”

“कुणाला सांगायचं? मुलीनं एकदा नाही म्हटलं तर लोक ऐकून घेतात. दुसऱ्यांदा म्हटलं तर शेफारली म्हणतात. तिसऱ्यांदा म्हटलं की तिचं बाहेर काहीतरी आहे म्हणून गावभर करतात.” त्या सहज बोलत होत्या, भाजीला काय आहे सांगावं तसं. “म्हातारीचं तोंड वाईट म्हणून मोडलं, तर म्हातारीचं काय जातंय? माझं लग्न झालंय.”

मी पुसत राहिले. नाकाच्या कडेची माती निघत नव्हती.

“निदान मला सांगायचं होतं, आई. एवढं सगळं कशाला करायला लावलंत? घंगाळ, वाफ, बासरी.”

“सांगितलं असतं, तर तू पाय चोळले असतेस का?”

मी फडकं पाण्यात बुडवून पुन्हा पिळलं.

“कानामागं राहिलंय बघ,” त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

पद्मजा आता कुरुंदवाडला दोन मुलांची आई आहे. भरतेश अजूनही घाबरला की कालचा पेपर वाचतो. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात त्यांचे पाय मी रोज चोळले, आणि त्या रोज जागा चुकली म्हणून सांगत राहिल्या.

गेल्या महिन्यात आमच्या श्रुतिकाला पाहायला पुण्याचे पाहुणे आले. मुलगा इंजिनिअर, घरचे सगळे शिकलेले, बोलण्यात गोडवा. मला ते स्थळ मनापासून पसंत होतं. आदल्या रात्री मी ह्यांना तसं सांगूनही ठेवलं होतं. मुलाचे वडील बोलके होते. मुलगा कुठं काम करतो, काय खातो, त्याला कोणता रंग आवडतो, सगळं तेच सांगत होते.

श्रुतिका चहा घेऊन आली. तिनं पाहुण्यांना कपबशी दिली. आपल्या वडिलांना दिली. माझ्यासमोर नुसता कप ठेवला.

मी तिच्याकडे पाहिलं. ती ट्रे पोटाशी धरून सभ्यपणे खाली पाहत होती. हे तिला कुणी शिकवलं ते मी आजतागायत विचारलेलं नाही. आजीच्या पायथ्याशी काकडी खात बसणारी पोर काय काय ऐकून ठेवते, त्याची नोंद माझ्याकडे नव्हती.

मी बाहेरच्या खोलीवर एकदा नजर फिरवली. खरंच चांगलं स्थळ होतं. मग कप बाजूला सरकवला, पदर खांद्यावर नीट घेतला आणि मुलाच्या वडिलांकडे वळले.

“याला बोलता येतं ना?” मी विचारलं. “की तेही तुम्हीच करता?”